नव्या कुंडीचं म्हातारपण

टोंकखुर्दात दगडाची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची होती. 1990 साली आमच्या देवास शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे इकडची मंडळी अजून छाती पुढे काढून सांगतात. मग 2006 पासून शेततळ्यांची मोहीम आली आणि आमच्या तालुक्यात शेताशेतांतून तळी खणली गेली. त्या तळ्यांत पाणी पावसाळ्यात आलं. दगड मात्र पहिल्या दिवसापासून येऊ लागला. मुरूम, काळा दगड, आणखी काळा दगड. बांधाबांधावर त्याचे ढीग पडले. कुणी न्यायला तयार असेल तर शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून देईल, वर चहाही पाजेल.

हा दगड म्हणजे साधासुधा ऐवज नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यानं सह्याद्री घडवला, त्याच लाव्ह्याचा तो एक थर. पवारांच्या फौजा माळव्यात उतरल्या अठराव्या शतकात. हा महाराष्ट्राचा नातेवाईक त्यांच्या कितीतरी आधी इथं येऊन बसलेला. तेव्हा देवासातला सर्वांत जुना मराठी रहिवासी कोण, हा वाद आमच्या गणेशोत्सव मंडळात निघतो त्या वेळी मी याच दगडाचं नाव सुचवतो. वर्गणी देत नाही म्हणून त्याला कुणी सभासद करून घेत नाही.

अशा गावात राहून मी सिमेंटच्या एका साध्या कुंडीला जुन्या दगडाचं रूप देत बसलो होतो. पहाटे फिरायला निघालेल्या पटेलांनी फाटकातून वाकून विचारलं, "काँई करी रिया हो, मास्साब?" मी म्हणालो, "दगड करतोय." पटेलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडच्या ढिगाकडे पाहिलं आणि राम राम करून पुढे गेले. निवृत्त मास्तरांच्या बाबतीत गाव फार चौकशी करत नाही.

या प्रकरणाचं मूळ पुण्यात आहे. तिथं आमची मेव्हणी राहते. तिनं आपल्या बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो पाठवला. राखाडी, खडबडीत, कडा झिजलेल्या, अंगावर शेवाळ. एखाद्या पडक्या देवळाच्या आवारातून उचलून आणली असावी, असं वाटावं. किंमतही देवळाच्या जीर्णोद्धाराला शोभेल अशी होती. आमच्या सौभाग्यवतींनी फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या तुळशीशेजारी अशी एक छान दिसेल." नवऱ्यानं हे वाक्य ऐकून घ्यायचं असतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं असतं. दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली.

खरा दगडच का घेतला नाही, हा प्रश्न रास्त आहे. या काळ्या दगडाचं वजन घनमीटरला पावणेतीन-तीन टन. तो पोकळ कोरायला सिलावट, म्हणजे पाथरवट, लागतो. इंदूरला सिलावटपुरा नावाचा मोहल्लाच आहे, पण तिथून कारागीर आणून एक कुंडी कोरून घ्यायची, तर त्या कुंडीत झाड न लावता तिच्यावर माझं नाव कोरून घेणंच हिशेबात बसलं असतं. शिवाय कुंडी हवी होती गच्चीवर. आमची गच्ची माझं वजन तक्रार न करता पेलते. तिला आणखी अडचणीत घालणं बरं नव्हे.

राहिला प्रश्न नक्कल करण्याच्या प्रतिष्ठेचा. देवासला नोटांचा सरकारी छापखाना असल्यामुळे आमच्या जिल्ह्यात 'नकली' हा शब्द जरा जपूनच वापरतात. म्हणून मी आधी अभ्यास केला, आणि मन हलकं झालं. नकली दगडाचं घराणं भलतंच थोर निघालं. 1769 साली एलिनॉर कोड या बाईंनी लंडनमध्ये दगड वाटावा असा भाजलेल्या मातीचा माल विकायचा कारखाना चालवायला घेतला. त्या मालाचा, 1837 सालचा एक सिंह वेस्टमिन्स्टर पुलाजवळ अजून उभा आहे. तो दगडाचा नाही, हे पाहणाऱ्याला सांगावं लागतं. 1824 साली जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं सिमेंटचं पेटंट घेतलं आणि वाळल्यावर ते पोर्टलँडच्या दगडाइतकं झकास दिसतं म्हणून त्या दगडाचंच नाव त्याला लावून टाकलं. म्हणजे सिमेंट जन्मलं तेच दगडाचं सोंग घेऊन. आणि 1867 साली जोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्यानं लोखंडाची जाळी घातलेल्या सिमेंटचं पेटंट घेतलं, ते कशासाठी? बागेतल्या कुंड्यांसाठी! आज ज्या सळई-सिमेंटवर पूल आणि धरणं उभी आहेत, त्याच्या पायाशी एका माळ्याची फुटकी कुंडी आहे. हे सगळं मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोनियेच्या बायकोनं त्याला स्वयंपाकघरातली गाळणी नेऊ दिली होती का, तेवढं सांगा."

आता खुद्द जुन्या दगडी कुंडीचं वेड कुठून आलं, तेही ऐका. इंग्लंडातले हौशी माळी डोंगरावरची चिमुकली झाडं लावायला जुन्या दगडी मोऱ्या आणि जनावरांच्या दगडी डोण्या वापरू लागले. शेतकऱ्याच्या गोठ्यात जी डोणी डुकरानं शतकभर चाटली, ती साहेबाच्या हिरवळीवर गेली. डोण्या संपल्या, वेड संपेना. मग सिमेंट, वाळू आणि दलदलीतली कुजलेली माती कालवून खोट्या डोण्या करायला सुरुवात झाली. पुण्याच्या बाल्कनीतल्या त्या महागड्या कुंडीचं कुळ शोधत गेलं तर शेवटी डुकराच्या जेवणाच्या भांड्यापाशी पोचतं. ही माहिती मेव्हणीला कळवण्याची मला मनाई आहे.

सामान आणायला मी बाजारात गेलो. दुकानदारानं उत्साहानं शेडकार्ड पसरलं. "पुराने को नया करना है ना, साब?"

"नाही. नये को पुराना."

त्यानं कार्ड मिटलं. थोडा विचार केला. "उसका तो रंग नहीं आता, साब. उसको तो बस रख देना पड़ता है."

या धंद्यातलं याहून खरं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. पण रंगाच्या दुकानात बसून असं बोलणारा माणूस पोट कसं भरतो, याची चिंता वाटून मी त्याच्याकडून बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग, काळं आणि तपकिरी स्टेनर, पांढरं सिमेंट आणि ब्रश एवढं घेतलं. गेरू आणि चुना घरात होताच.

पद्धत सांगतो. सिमेंटच्या कुंडीची मुख्य खोड म्हणजे तिच्या कडा. निसर्गात इतकी सरळ कड फक्त सरकारी फायलीला असते. म्हणून आधी कानस घेऊन कडा मोडायच्या, एकदोन कोपरे छिन्नीनं उडवायचे. मग गाळणीनं चाळलेली वाळू आणि पांढरं सिमेंट घट्टसर कालवून त्याचा थर ओल्या कुंडीवर थापायचा. थापायचा म्हणजे लिंपायचा नव्हे. गवंड्याला दाखवला तर त्यानं कपाळाला हात लावला पाहिजे, इतपत वाईट. थर ओला असताना त्यात खडेमीठ दाबायचं. सिमेंट धरलं की कुंडी धुवायची. मीठ विरघळतं, मागे खळगे राहतात. हे खळगे मला फार आवडले, कारण आमच्या काळ्या दगडातही तसेच असतात; लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वाफेचे ते बुडबुडे. निसर्गाला ज्यासाठी ज्वालामुखी लागला, ते आमच्याकडे लोणच्यासाठी आणलेल्या मिठात झालं. लोणचं यंदा जरा अळणी आहे.

पोत उठवायला स्पंज वापरतात. आमच्या मांडवावर वाळलेली गिलकी लटकत होती, तुमच्याकडे तिला घोसाळं म्हणतात. साल काढलं की आतली जाळी स्पंजाच्या तोंडात मारेल अशी. तिनं मी गडद राखाडी रंग ठोकला, त्यावर फिकट राखाडी, मधेच थोडा तपकिरी. सगळा रंग सारखा बसला तर समजायचं बिघडलं. मग काळा-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून कुंडीला न्हाऊ घालायचं आणि लगेच फडक्यानं पुसायचं. उंचवट्यांवरचा निघतो, खळग्यांतला राहतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं पांढुरका हात, तो फक्त उंचवट्यांवर. इतकं झालं की चार हात लांबून कुंडी दगडाची दिसते. दोन हातांवरून नाटक कंपनीच्या राजवाड्याची दिसते. इथं बहुतेक लोक थांबतात. मी थांबलो नाही, कारण मला निवृत्तिवेतन मिळतं.

पुढची पायरी शेवाळाची. सगळीकडे एकच उपाय सांगतात: ताक फासा. आमच्याकडे ताकाला तोटा नाही. संध्याकाळी कुंडीला ताक पाजलं. रात्री मांजरांची मैफल बसली. सकाळी कुंडी स्वच्छ, मांजरं तृप्त. पुन्हा ताकात थोडं शेण कालवून फासलं. मांजरं फिरकली नाहीत, मुंग्या आल्या. श्रावणात मात्र खरोखरच हिरवट झाक धरली आणि मी पटेलांना बोलावून दाखवली. मग पावसाळा सरला, उन्हाळा आला आणि बेचाळीस अंशांत ते सारं शेवाळ करपून तंबाखूसारखं झडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेचाळीस अंशांत दुसरं काहीही पडण्याची शक्यता नसते. मी दगड म्हातारा करत होतो खरा, पण विलायतेतला. ओल्या हवेतला, झिमझिम पावसातला, हिरवट, सर्दी झालेला दगड. माळव्यातला दगड असा म्हातारा होतच नाही! त्याची तऱ्हा वेगळी, आणि ती पाहायला लांब जायला नको.

आमच्या शेजारच्या सोनकच्छ तालुक्यात गंधर्वपुरी आहे. राजा गंधर्वसेनाच्या शापानं हे अख्खं नगर दगडाचं झालं, अशी आख्यायिका. तिथं परमार काळातली शिल्पं ढिगानं सापडली आहेत. देव, तीर्थंकर, यक्ष, द्वारपाल. आवारात उघड्यावर रांगेनं मांडलेली. राजानं एका शापात नगर दगडाचं केलं आणि मला एका कुंडीला दोन हात रंग, मीठ, गिलकी आणि ताक लागलं, हे तिथं उभं राहून मनाला लागलं खरं. पण मी तिथं दर्शनाला गेलो नव्हतो, चोरी करायला गेलो होतो. रंगाची.

आणि पाहिलं ते असं. जुना दगड सरसकट मळकट नसतो. जिथं हात लागतो तिथं तो उजळतो आणि तुकतुकीत होतो. नाक, गुडघा, पायाची बोटं. जिथं पाऊस थेट मारतो ती बाजू काळी पडते. आडोशाची बाजू मूळ रंगाची राहते. कडेवरून पाणी ठिबकतं तिथं उभे ओघळ उमटतात, आडवे कधीच नाही. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत चिखलाच्या शिंतोड्यांची तांबूस पट्टी असते. आणि कुठं कुणी भक्तानं बोट टेकलं असेल तर शेंदूर, तेल, चुना. देवासला मीठा तलावाजवळ पवारांच्या छत्र्या आहेत, तिथंही हाच धडा. तिथं तर दगडावर टेकून शेंगा खाणाऱ्या मंडळींनी बसायच्या जागांना जी झिलई आणली आहे, ती कुठल्याही स्टेनरनं येत नाही. त्यासाठी पिढ्या बसाव्या लागतात.

परत येऊन मी शेवाळाचा नाद सोडला. काठाला जिथं सहज हात टेकेल तिथं रंग घासून उजळ केला. पश्चिमेकडून आमचा पाऊस येतो, ती बाजू काळवंडली. काठाखालून ओघळ सोडले. तळाशी गेरूचं पाणी जुन्या टूथब्रशनं शिंपडलं. एका खळग्यात तेलाचा हात, एका जागी चुन्याचं बोट. पानाच्या पिचकारीची खूण करावी का, यावर घरात चर्चा झाली. ऐतिहासिक सत्याच्या दृष्टीनं ती आवश्यकच होती, पण सौभाग्यवतींनी नकाराधिकार वापरला.

या सगळ्या काळात माझ्याच गल्लीत उलटा कारखाना जोरात चालू होता. आमच्या समोरच्या घराचा ओटा अस्सल काळ्या घडीव दगडाचा. त्यावर बसून चार पिढ्यांनी गप्पा मारल्या. त्या घरच्या मुलानं नवं लग्न झालं म्हणून त्यावर चकचकीत फरशी बसवली, संगमरवराचं चित्र छापलेली. कोपऱ्यावरच्या देवळाच्या दगडी खांबांना दर दोन वर्षांनी ऑइलपेंट बसतो, यंदा गुलाबी. त्या खांबांवरचं कोरीवकाम आता बोटानंच चाचपून ओळखावं लागतं. एकीकडे खऱ्या दगडाला नवं करायला डबे रिकामे होतात आणि शंभर पावलांवर एक निवृत्त मास्तर नव्या सिमेंटला जुनं करायला तोच ब्रश झिजवतो. रंगवाल्याचं पोट कसं भरतं, याचं उत्तर मला तिथं मिळालं. फार दूर कशाला, पंढरपूरला विठ्ठलाच्या मंदिरात नंतर चढवलेल्या फरशा आणि थर काढून मूळ दगड मोकळा करण्याचं काम 2024 साली झालं, तेव्हा जुनं देऊळ पाहून लोक हरखले. ते थरही कुणीतरी एके काळी हौसेनंच चढवले होते.

म्हातारपण कुणाचं आहे, यावर त्याची किंमत ठरते, हे तर रोजच दिसतं. मांडूच्या घुमटांवर पावसाचे काळे ओघळ दिसले की लोक तिकीट काढून त्यांचे फोटो काढतात. तेच ओघळ माझ्या गच्चीच्या कठड्यावर उतरले की येणारा प्रत्येक जण म्हणतो, "मास्साब, वॉटरप्रूफिंग करून घ्या."

असो. कुंडी झाली. सरकारी इतमामानं तुळशीशेजारी ठेवली. आता तिला पाहणाऱ्यांची दाद सांगतो. पहिली दाद आमच्या धुण्याभांड्याच्या बाईंची. मी देवासला गेलो होतो. परत येतो तो कुंडी गोरीपान. बाई अभिमानानं उभ्या. "गमलो घणो मेलो थो, साब. म्हने रगड़ी दियो." तारेचा ब्रश आणि सोडा. माझे ओघळ, माझी चिखलपट्टी, तेलाचा हात, सगळं मोरीत. मी रागावणार होतो, पण मग लक्षात आलं की आयुष्यात माझ्या कामाची इतकी प्रामाणिक पावती कुणी दिलेली नाही. कुंडी खरोखर जुनी आणि घाणेरडी आहे, यावर त्या बाईंचा संपूर्ण विश्वास बसला होता. बाईंना दिवाळीला जास्तीचे पैसे दिले. का दिले, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

पुन्हा रंगवल्यावर दुसरी दाद पटेलांची. त्यांनी कुंडी निरखली, टिचकी मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी ट्रॉली दारात. त्यांच्या जुन्या घरातलं फुटकं जातं, एक उखळ, गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी, चौकटीचा अर्धा उंबरा. "मास्साब ने पुराना भाटा को शौक है," असं गावात कळलं होतं. आमच्या माळवीत भाटा म्हणजे दगड. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक घरातलं दगडी अडगळीचं सामान आमच्या अंगणात येतं. लोक ठेवतात, पाणी पितात, उपकार केल्याच्या चेहऱ्यानं जातात. नाही म्हणायची सोय नाही.

तिसरी दाद मेव्हणीची. ती हिवाळ्यात आली. गच्चीवर गेली, कुंडीजवळ उभी राहिली, म्हणाली, "भाऊजी, छान जमलीय हो." तेवढ्यात तिची नजर खाली अंगणात पडली. ती जिना उतरून गेली आणि पटेलांच्या उखळासमोर उकिडवी बसली. "हे कुठून आणलं? केवढ्याला?" उखळ तिला इतकं आवडलं की पुण्याला न्यायचं ठरलं. गाडीच्या मागच्या चाकांनी त्या वजनाला जो नमस्कार केला, तो पाहून तिच्या यजमानांनी उखळ परत उतरवलं. आता ते आमच्याच अंगणात आहे. त्यात पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या पितात. त्यात झाड लावायचं तर तळाला भोक पाडावं लागेल, आणि त्या दगडाला भोक पाडणारा सिलावट तीच जुनी रक्कम सांगतो.

ज्यांना हा उद्योग करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. काम पावसाळा संपल्यावर घ्या. मे महिन्यात थर नीट धरण्याआधीच तडकतो, त्यावर ओलं पोतं टाकून ठेवावंच लागतं. सिमेंटची नवी कुंडी आधी काही दिवस पाण्यात मुरवा आणि पाणी बदलत राहा, नाहीतर सिमेंटातला चुना मातीत उतरून झाडाला भोवतो. मीठ नीट धुवून काढा, त्याचंही झाडाशी पटत नाही. तळाचं भोक रंगानं किंवा थरानं बुजू देऊ नका. कुंभाराच्या लाल कुंडीवर यातलं काहीही करायला जाऊ नका. एका पावसाळ्यात तिच्यावर पांढरे क्षार, काळे डाग, हिरवी झाक सगळं आपोआप येतं आणि तिची किंमत याच्या पाव हिश्श्याइतकीही नसते. आणि रंग वाळला की सगळ्यात आधी घरी भांडी-फरशी करणाऱ्या बाईंना बोलावून कुंडी दाखवा आणि सांगा, की ही अशीच ठेवायची आहे.